स्वरामागे चालणारा इक्वलायझर

दोन वर्षांपूर्वी एका मित्राने आमच्याकडे एक कॅसेट आणून दिली. मित्र हौशी बासरीवादक आहे. कॅसेटमध्ये त्याच्या गुरुजींचे सुमारे चाळीस मिनिटांचे वादन होते, तेही घरी बसून साध्या टेपरेकॉर्डरवर टिपलेले. गुरुजी आता नाहीत आणि त्यांच्या बासरीचे दुसरे ध्वनिमुद्रण शिष्यांपैकी कुणाजवळच नाही. "वादन उत्तम आहे, पण पंख्याची घरघर आणि फुंकरीचा फुसफुस आवाज मध्ये मध्ये फार येतो. तुम्ही लोक ध्वनीचेच काम करता, बघा काही जमते का," असे तो म्हणाला.

काम सोपे वाटले. कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. घरघर खालच्या वारंवारतांची होती, म्हणून इक्वलायझरमध्ये ५०० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग दाबला. तार सप्तकातले स्वर कसे स्वच्छ निघाले! खुशीत आम्ही मित्राला बोलावले. त्याने पाच मिनिटे ऐकले आणि कानावरचा हेडफोन काढून विचारले, "अहो, पण गुरुजींचा मंद्र कुठे गेला?"

मंद्र खरोखरच गेला होता. तो परत आणण्याच्या खटपटीत आम्हांला जे शिकायला मिळाले, ते वर्गात ध्वनी हा पाठ शिकवताना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

आधी इक्वलायझर म्हणजे काय ते पाहू. एकेकाळी घरोघरी असलेल्या म्युझिक सिस्टिमवर सरकत्या कळांची एक ओळ असे. डावीकडची कळ वर सरकवली की तबल्याचा बायाँ घुमू लागे, उजवीकडची सरकवली की झांजा खणखणू लागत. प्रत्येक कळ वारंवारतेच्या एका ठरावीक पट्ट्याची पातळी कमीजास्त करते. दहा कळांच्या यंत्रावर हे पट्टे साधारणपणे ३१, ६२, १२५, २५०, ५०० असे दुपटीदुपटीने १६,००० हर्ट्झपर्यंत जातात. दुप्पट वारंवारता म्हणजे एक सप्तक वर, तेव्हा प्रत्येक कळीच्या वाट्याला एकेक सप्तक येते. नावाची गंमत अशी की हे उपकरण आले टेलिफोनच्या तंत्रातून. लांबच्या तारेतून जाताना वरच्या वारंवारता जास्त क्षीण होत. त्या उचलून सगळ्या पुन्हा सारख्या करणारा तो इक्वलायझर. आपण मात्र तो बहुधा आवाज असमान करायलाच वापरतो.

या कळा एका जागी खिळलेल्या असतात, हे लक्षात ठेवा. वादक कोणताही स्वर वाजवो, २५० ची कळ २५० वरच काम करते. आमची चूक नेमकी इथे झाली.

बासरी पांढरी तीनची होती, म्हणजे तिचा मध्य षड्ज सुमारे ३३० हर्ट्झ. सगळी भोके बंद केली की मंद्र पंचम मिळतो, तो २४७ हर्ट्झ. गुरुजी वर तार पंचमापर्यंत जात होते, तो ९८८ हर्ट्झ. एकूण बरोबर दोन सप्तके. आता ५०० हर्ट्झच्या खालचे दाबायचे म्हटल्यावर मंद्र पंचमाचा मूळ स्वरच दाबला जाणार! राहतात ते फक्त त्याच्या वरचे उपस्वर.

उपस्वरांचा हा मुद्दा जरा सविस्तर घेऊ, कारण सगळा खेळ त्यावरच आहे. कोणत्याही वाद्याचा एक स्वर ही प्रत्यक्षात एकच वारंवारता नसते. २४७ च्या स्वराबरोबर ४९४, ७४१, ९८८ अशा दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही असतात. कोणता उपस्वर किती जोरात, यावर आवाजाचा गुण ठरतो. पाठ्यपुस्तकात आवाजाची पातळी, उच्चनीचता आणि गुण अशी तीन लक्षणे वेगवेगळी सांगतात. परीक्षेला ते सोयीचे असते, पण उच्चनीचता बदलली की गुण ठरवणारी ही सगळी शिडीच वर किंवा खाली सरकते. षड्जाच्या शिडीच्या पायऱ्या ३३०, ६६०, ९९० वर, तर पंचमाच्या आणखी वर. एका स्वरासाठी नीट बसवलेला इक्वलायझर पुढच्या स्वराला चुकीच्या पायरीवर हात लावतो.

यावर उपाय सुचायला फार बुद्धी लागत नाही: कळांनाच स्वरामागे चालायला लावायचे. वादक षड्जावरून पंचमावर गेला की इक्वलायझरचे सगळे पट्टेही त्याच प्रमाणात वर जावेत.

असे वाद्य ९० वर्षांपूर्वीच बाजारात आले होते. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली जो विजेवर चालणारा ऑर्गन आणला, त्याला प्रत्येक संचात नऊ ओढदांड्या होत्या. एक दांडी मूळ स्वराची. इतर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट आणि आठपटीच्या. शिवाय एक निमपटीची आणि एक दीडपटीची. वाजवणारा दांड्या हव्या तितक्या बाहेर ओढून स्वराचा गुण ठरवी, आणि कोणतीही पट्टी दाबली तरी ते प्रमाण त्या त्या स्वरासोबत जाई. खरे तर हा इक्वलायझर नव्हे. इथे तयार स्वर गाळला जात नसून तुकड्यातुकड्यांनी जोडला जातो. पण कळ वारंवारतेला न बांधता पटीला बांधायची, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. सातपटीची दांडी का नाही, हा प्रश्न संगीत येणाऱ्या विद्यार्थ्याला जरूर घाला. सातपटीचा उपस्वर आपल्या बारा स्वरांपैकी कोणाशीच नीट जुळत नाही.

तयार स्वर गाळणारी गाळणी स्वरामागे चालवण्याची युक्ती रूढ केली ती रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांनी. १९६४ पासून त्यांनी न्यूयॉर्क राज्यात जे सिंथेसायझर बनवले, त्यांत स्वराची उंची विद्युतदाबाने ठरे: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर. याचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. वारंवारता गुणाकाराने वाढते आणि विद्युतदाब बेरजेने, आणि 'एका व्होल्टला एक सप्तक' हा नियम गुणाकाराची बेरीज करून टाकतो. लॉगॅरिदमच्या कोष्टकाने आपण तेच करत होतो. मग पट्टी दाबल्यावर निघणारा दाब स्वर काढणाऱ्या मंडलाला दिला, तोच गाळणीलाही दिला, की गाळणी आपोआप स्वरामागे चालू लागते. १९७० च्या मिनीमूगवर यासाठी दोन खटके होते. एकाने गाळणी एक-तृतीयांश चाले, दुसऱ्याने दोन-तृतीयांश, आणि दोन्ही लावले की पुरेपूर. अर्धेमुर्धे चालण्याची सोय कशाला ठेवली असेल, असे आम्हांला पूर्वी वाटे. त्याचे उत्तर पुढे मिळाले.

सिंथेसायझरमध्ये कोणती पट्टी दाबली हे यंत्राला ठाऊकच असते. १९८३ साली वाद्ये आणि संगणक यांच्यात मिडी ही भाषा ठरली, तिच्यात प्रत्येक पट्टीला क्रमांक आहे. ४४० हर्ट्झच्या स्वराचा क्रमांक ६९. कोणत्याही पट्टीची वारंवारता काढायची तर क्रमांकातून ६९ वजा करा, १२ ने भागा, दोनाचा तितकावा घात काढा आणि ४४० ने गुणा. आमच्या बासरीचा मध्य षड्ज म्हणजे क्रमांक ६४. हिशोब करा, ३२९.६ हर्ट्झ येईल.

कॅसेटमधल्या बासरीला मात्र पट्ट्या नाहीत. इथे स्वराची उंची आवाजातूनच शोधावी लागते. तिची एक पद्धत वर्गात कागदावर करून दाखवता येते. एक वेडीवाकडी लहर काढा, पण तोच आकार चार-पाच वेळा पुन्हा येईल अशी. ती ट्रेसिंग पेपरवर उतरवा. आता वरचा कागद मूळ चित्रावर ठेवून हळूहळू उजवीकडे सरकवा. सुरुवातीला लहरी जुळणार नाहीत. एका ठरावीक अंतरावर त्या पुन्हा तंतोतंत जुळतील. ते अंतर म्हणजे एका कंपनाचा काळ, आणि त्याचा व्यस्त म्हणजे वारंवारता. संगणकही हेच करतो, फक्त सेकंदाला कित्येकदा.

मुले थोडा वेळ खेळली की त्यांना या पद्धतीतली खोच सापडतेच. कागद दुप्पट अंतरावर सरकवला तरी लहरी जुळतात! तिथे फसले तर यंत्र स्वर एक सप्तक खाली आहे असे समजते. उलट दुपटीचा उपस्वर फार जोरदार असेल तर निम्म्या अंतरावरच बऱ्यापैकी जुळणी होते आणि यंत्र एक सप्तक वर उडी मारते. म्हणून वाद्याची कक्षा आधीच सांगून ठेवणे शहाणपणाचे. आम्ही यंत्राला बजावून ठेवले की २३० च्या खाली आणि १,०५० च्या वर बघायचे नाही.

दुसरी अडचण वेळेची. कंपन पुन्हा येते हे कळायला ते निदान दोनदा घडून जावे लागते. २४७ हर्ट्झला दोन कंपने सुमारे ८ मिलिसेकंदांत होतात. पुरुष गायकाचा मंद्र षड्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो, त्याला २९ मिलिसेकंद लागतील. खर्जाचा माग घेणे अवघड ते यामुळे, आणि संगणक कितीही वेगवान आणला तरी ही वाट पाहणे टळत नाही. आम्ही १,०२४ नमुन्यांचा तुकडा घेऊन उंची काढत होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे तुकडा सुमारे २३ मिलिसेकंदांचा. मैफिलीत हा उशीर जाणवला असता. आमच्याकडे ध्वनिमुद्रण होते, तेव्हा मूळ आवाजच तेवढा थांबवून ठेवला आणि गाळणीला पुढचा स्वर आधी कळेल अशी व्यवस्था केली. कॅसेटमध्ये तानपुरा नव्हता हे आमच्या पथ्यावरच पडले. तो असता तर ही पद्धत दोन स्वरांत गोंधळली असती, आणि वर तानपुऱ्याचाच खर्ज गाळला गेला असता.

जुळणी आम्ही प्युअर डेटा या मोफत संगणक-भाषेत केली. मिलर पकेट यांनी ती १९९० च्या दशकात तयार केली. पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडायच्या, म्हणजे विजेच्या मंडलासारखेच. उंची ओळखणारी एक चौकट, गाळण्यांच्या तीन चौकटी. प्रत्येक गाळणी म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत एक कपॅसिटर आणि एक रोध जोडून जी करता येते तीच: सीमेच्या वरच्या वारंवारता जाऊ द्यायच्या, खालच्या दाबायच्या. येणारी वारंवारता भागिले गाळणीची सीमा, या भागाकाराला 'र' म्हणू. बाहेर पडणारा हिस्सा र ÷ √(१ + र²) इतका असतो.

सीमा नेहमी वाजणाऱ्या स्वराच्या निम्म्यावर ठेवायची असे ठरवले. मग स्वरासाठी र = २ आणि हिस्सा ०.८९. तिन्ही गाळण्यांतून गेल्यावर राहतो ०.७२, म्हणजे सुमारे ३ डेसिबलची घट. तार पंचम वाजत असताना सीमा ४९४ वर असते. त्या वेळी २४७ हर्ट्झच्या घरघरीला र = अर्धा, हिस्सा ०.४५, तीनदा गाळून ०.०९. म्हणजे घरघर अकराव्या हिश्श्यावर येते, २१ डेसिबल खाली.

आता आमची पहिली चूक आकड्यांत पाहा. खिळलेली गाळणी कायम ४९४ वर ठेवली, तर मंद्र पंचम नेमका त्या घरघरीच्या जागी बसतो आणि २१ डेसिबल खाली जातो. तार पंचम मात्र ३ डेसिबलच. गुरुजींनी दोन सप्तकांत राखलेला तोल आम्ही १८ डेसिबलने बिघडवला होता! चालत्या गाळणीत प्रत्येक स्वर सारखाच ३ डेसिबल उतरतो. शेवटी आवाजाची कळ किंचित वर केली की झाले.

स्वर बदलताना सीमा एकदम उडवली तर टकटक असा आवाज येतो, म्हणून ती २०-३० मिलिसेकंदांत हळूच नेली. मींडेला तर पट्ट्यांच्या क्रमांकांनी चालणारी गाळणी जिन्यासारखी चढली असती; आवाजातून उंची काढल्यामुळे ती मींडेबरोबर घसरत गेली. ज्यांना मूळ स्वराच्या खालचे गाळायचे नसून एखादा उपस्वर कमीजास्त करायचा आहे, त्यांनी एक पथ्य पाळावे. नेहमीच्या इक्वलायझरचे पट्टे वर जाताना रुंद होत जातात, पण उपस्वर सारख्याच अंतरावर असतात. पाचपटीचा उपस्वर एकटा पकडायचा तर पट्टा मूळ वारंवारतेच्या सुमारे निम्म्याइतकाच रुंद हवा, नाहीतर चौपटीचा आणि सहापटीचाही त्यात सापडतो.

एवढे सगळे झाल्यावर ऐकले, तर मंद्र परत आला होता. पण एक नवीच पीडा उभी राहिली होती. स्वर खाली आला की गाळणी खाली येई, घरघर मोकळी होई. स्वर वर गेला की घरघर गायब. पूर्वी पंखा एकसुरी होता, आता तो रागाबरोबर श्वास घेऊ लागला. सतत असलेल्या आवाजाकडे कान दुर्लक्ष करतो, कमीजास्त होणाऱ्याकडे करत नाही.

मिनीमूगचा दोन-तृतीयांशाचा खटका तेव्हा आठवला. गाळणी मंद्र पंचमाला १२३ हर्ट्झवर ठेवली आणि स्वर दोन सप्तके चढला तरी तिला एक सप्तक आणि तिसरा हिस्सा एवढेच चढू दिले. तार पंचमाला ती ३११ वर पोचते. घरघर २१ ऐवजी सुमारे १२ डेसिबल दबते, दोन टोकांच्या स्वरांत फरक २ डेसिबलपेक्षा कमी पडतो आणि पंख्याचा श्वास कानाला टोचत नाही. तडजोडच, पण चांगली.

अर्धेमुर्धे चालण्याला याहून खोल कारणही आहे. टेप जास्त वेगाने फिरवली की मोठ्या माणसाचा आवाज चिमण्या पोरासारखा होतो. स्वर चढला म्हणून नव्हे. तितका स्वर तो माणूस स्वतःही चढवू शकेल. घसा आणि तोंड यांच्या पोकळीत काही वारंवारता जास्त घुमतात, 'आ' म्हणताना ७०० हर्ट्झच्या आसपास, 'ई' म्हणताना ३०० च्या आसपास. या जागा पोकळीच्या आकारावर ठरतात, स्वरावर नाही. एकच सूर धरून 'आ-ई-ऊ' म्हणून पाहा, सूर तिथेच राहतो आणि घुमण्याच्या जागा हलतात. म्हणजे तोंड हाही एक खिळलेल्या कळांचा इक्वलायझर आहे. टेप पळवली की या जागाही स्वराबरोबर वर जातात आणि कानाला वाटते, पोकळीच लहान झाली. व्हायोलिनच्या पेटीतली हवा २७०-२८० हर्ट्झच्या सुमारास घुमते, मग वर कोणताही स्वर वाजो. व्हायोलिनला पुरेपूर चालणारा इक्वलायझर लावला, तर प्रत्येक स्वर निराळ्या मापाच्या व्हायोलिनमधून आल्यासारखा वाटेल. बासरीत अशी स्वतंत्र घुमणारी पेटी नाही, म्हणून आमचे निभावले.

माणूस मात्र कधीकधी हे खिळे काढतो. पाश्चात्त्य ऑपेरातल्या उंच आवाजाच्या गायिकांचा स्वर ७००-८०० हर्ट्झच्या वर गेला, की तोंडाच्या घुमण्याच्या पहिल्या जागेलाही तो ओलांडून जातो आणि ती जागा वाया जाते. मग या गायिका स्वराबरोबर जबडा अधिकाधिक उघडत जातात आणि घुमण्याची जागा मूळ स्वरावर आणून ठेवतात. स्वीडनचे योहान सुंदबर्ग यांनी हे १९७० च्या दशकात दाखवले. २००४ साली सिडनीच्या संशोधकांनी गायिका गात असतानाच थेट मोजून ते पक्के केले. किंमत मोजावी लागते ती शब्दांची. त्या उंचीवर आ, ई, ऊ सगळे एकसारखेच ऐकू येतात.

मित्राने नवी प्रत पूर्ण ऐकली. एका ठिकाणी मात्र गाळणी भलतीकडेच धावली होती. दोन आलापांच्या मधल्या शांततेत खिडकीबाहेर कोकीळ ओरडला होता आणि आमचे यंत्र इमानाने त्याच्या चढत्या स्वरामागे गेले होते. तेवढा तुकडा हाताने दुरुस्त करून देतो असे आम्ही म्हणालो. "गाळणी नीट करा, पण कोकिळाला हात लावू नका," तो म्हणाला. "गुरुजी त्याच्यासाठीच थांबले होते."